नवा उस्ताद आला की…

क्रिकेट संघाचा नवा प्रशिक्षक जाहीर झाला, की मांडवीच्या जेट्टीवर मगरिबनंतर वारा खायला बसणाऱ्या मंडळींना दोन दिवस पुरेल इतका विषय मिळतो. मासळीचा भाव, आखातातून आलेले फोन, मुलांचे दहावीचे मार्क, सगळे बाजूला राहते. "कुणाला आणलंय? स्वतः किती खेळलाय?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न सहसा नसतोच. पुढे थेट निकाल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून अमोल मुझुमदार यांची नेमणूक झाली, तेव्हाही हेच झाले. जो माणूस भारताकडून एकही सामना खेळला नाही, तो भारताच्या संघाला काय शिकवणार, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याआधीची काही वर्षे या संघाने स्थैर्य पाहिलेच नव्हते. रमेश पोवार आले, गेले, डब्ल्यू. व्ही. रामन आले, गेले. पुन्हा पोवार आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनाही हलवले. त्यामुळे "आता हा किती दिवस?" असे विचारणाऱ्यांचा फार दोष म्हणता येत नाही.

मुंबईचे क्रिकेट जवळून पाहणाऱ्यांना मात्र हे नाव नवे नव्हते. १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ताटकळत बसलेला मुलगा म्हणजे हा अमोल. पुढे रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि ३० शतके केली. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. तरीही भारताची टोपी कधी मिळाली नाही. सब्र कशाला म्हणतात, हे ज्याला कुणी शिकवावे लागणार नव्हते असा हा माणूस.

पण भूतकाळ कितीही मोठा असला, तरी प्रशिक्षकाला मैदानावर त्याचे श्रेय मिळत नाही. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आपल्या मुली साखळीतच बाहेर पडल्या. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड असे ओळीने तीन पराभव झाले. इंग्लंडविरुद्ध एक गोलंदाज वाढवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवले आणि सामना अवघ्या चार धावांनी गेला. त्या रात्री प्रशिक्षकाला घरोघरी काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, ते सांगायला नको.

पुढच्याच सामन्यात जेमिमाला परत आणले, तेही तिसऱ्या क्रमांकावर. न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. लक्ष्य होते ३३९ धावांचे. मुझुमदारांनी खेळाडूंसमोर फळ्यावर लिहिले ते इतकेच, की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. एवढ्या मोठ्या डोंगराचा त्यांनी असा छोटा हिशेब करून दिला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक उचलला. कर्णधार हरमनप्रीत कौरने मैदानातच प्रशिक्षकाचे पाय शिवले, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले.

आता कुणी म्हणेल, जिंकले म्हणून कौतुक. खरे आहे. अंतिम सामना हातून गेला असता, तर हाच माणूस पुन्हा "कधी भारताकडून न खेळलेला" झाला असता. म्हणून केवळ निकालाने माप काढू नये, आणि नुसत्या नावानेही नाही. ग्रेग चॅपेल हे केवढे मोठे फलंदाज! २००५ मध्ये ते आपल्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले, सौरव गांगुलीशी वाद पेटला, आणि २००७ च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत घरी आलो. त्यांच्याआधीचे जॉन राइट नावाने त्यांच्याइतके मोठे नव्हते, पण त्यांच्याच काळात संघ २००३ च्या अंतिम फेरीत पोचला. स्वतःला येणे आणि दुसऱ्याला येईल असे करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. उत्तम बिर्याणी शिजवणारी प्रत्येक बाई सुनेला ती शिकवू शकतेच असे नाही, हे आपल्या घरांना चांगले ठाऊक आहे.

हे सारे लिहायचे कारण क्रिकेटपुरते नाही. आमच्या मोहल्ल्यातली एक तेरा वर्षांची मुलगी सकाळी बॅट घेऊन सरावाला जाते. मध्यंतरी तिथे नवे सर आले. घरात चहा पिता पिता मोठी माणसे बोलली, "हे कुठले सर? जिल्ह्याच्या संघात तरी होते का?" बोलणारे विसरून गेले, मुलगी विसरली नाही. सरांनी उभे राहण्याची पद्धत बदलायला सांगितली, तर ती अम्मीला म्हणाली, "त्यांना स्वतःला तरी कुठे येतं?" नुकसान सरांचे झाले नाही, तिचे झाले. ज्याच्यावरचा भरवसा आपण घरातच मोडून टाकतो, त्याच्याकडून मूल शिकणार कसे?

प्रश्न जरूर विचारावेत. आईवडिलांचा तो हक्कच आहे, आणि मुलीच्या बाबतीत तर ती जबाबदारी आहे. पण ते प्रश्न मुलांच्या कानावर न घालता थेट सरांना विचारावेत, आणि नीट निवडावेत. हे सर मुलांशी अदबीने बोलतात का? चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा करतात, की बाजूला घेऊन समजावतात? स्वतःचा निर्णय चुकला तर बदलतात का? तीन सामने हरल्यावर मुलांच्या बाजूने उभे राहतात का? याची उत्तरे पहिल्या दिवशी मिळत नाहीत. त्याला एक हंगाम तरी जाऊ द्यावा लागतो.

शाळेत नवे मुख्याध्यापक येवोत, मदरशात नवे उस्ताद येवोत, की मैदानावर नवे सर. तेवढा हंगाम त्यांना द्यावा. तोवर आपल्या मुलांनी त्यांना सलाम करून शिकायला बसावे, आणि आपण चहाच्या वेळी थोडे जपून बोलावे.