लेक गाते, करार आलाय

मैत्रिणींनो, कळमनुरीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यांची लेक दहावीत आहे, गळा गोड. सप्ताहात, स्नेहसंमेलनात तिचं गाणं ठरलेलंच. आता गाण्यांचे व्हिडिओ काढणारे एक गृहस्थ करार घेऊन दारात आलेत. पाच वर्षं फक्त त्यांच्यासाठीच गायचं! वडील खूश, पण आईला झोप नाही.

सांगते, पण आधी शांता आपट्यांची हकीकत ऐका.

जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. १९३२ साली ‘श्यामसुंदर’मधून त्या पडद्यावर आल्या आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून प्रभातच्या झाल्या. त्या काळी पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. पडद्यावर दिसायची तीच गायची. इतर नट्या खांबासारख्या उभ्या राहून गात, तर शांताबाई डोळ्यांनी, हातांनी, अगदी सहज गात. १९३७ चा ‘कुंकू’ तर त्यांचाच. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न मनाने कबूल न करणारी ती नीरा! तिच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा आहे, बरं का. माझ्या वर्गातल्या मुलींना ही गोष्ट सांगितली, तर पहिला प्रश्न आला, “मॅडम, ती पळून का नाही गेली?”

आणि पडद्यावरच्या या हट्टी नीरेने दोनच वर्षांनी, १९३९ साली, खरंच हट्ट धरला. कंपनीशी कराराचा वाद झाला, तेव्हा शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. जिच्या नावावर तिकिटं खपायची तीच दाराबाहेर उपाशी! प्रभात काही ऐऱ्यागैऱ्यांची कंपनी नव्हती, तिथे नावाजलेली, जाणती माणसं होती. तरीही हे घडलं. म्हणूनच “माणसं चांगली दिसतात हो” एवढ्यावर सही करू नये, असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. त्यात झगमगाट कमी, मालक आणि कामगार यांचा हिशेब जास्त. प्रभात सुटली म्हणून बाई घरी बसल्या नाहीत. १९४१ साली तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. १९४२ साली लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये काम केलं. १९६४ साली गेल्या, जेमतेम अठ्ठेचाळिशीत.

आता तुमचं. मुलगी १८ वर्षांची नाही, तेव्हा १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिने स्वतः केलेला करार टिकत नाही. म्हणजे ते गृहस्थ सही मागतील ती तुमची किंवा तिच्या वडिलांची. तिच्या गळ्याचे कागद, आणि बांधले जाणार तुम्ही! एक सोडून दुसऱ्याकडे गायचं नाही, तर मग वर्षाला निदान किती गाणी ते देणार, हे लिहिलंय का? गाणी दिलीच नाहीत तर सुटका कशी? शाळेत, सप्ताहात गाता येईल का? परीक्षेच्या दिवसांत काय? पैसे एकरकमी, की गाणं चालेल तसा वाटा? २०१२ च्या कायदा दुरुस्तीने गाण्याच्या व्यापारी वापरात गायकालाही वाटा मिळायला हवा असं ठरवलंय. हे त्या गृहस्थांना जरूर विचारा, आणि उत्तर देताना चेहरा बघा.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला नेमणुकीचा कागद येतो. सुट्टीचा पगार नाही, हे वाचूनच मी सही करते. दुखतं, पण निदान ठाऊक असतं.

आणि घाई नको. “आजच्या आज सांगा” म्हणणाऱ्याला चहा द्यावा, सही देऊ नये. न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने बायकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. जाताना कराराची झेरॉक्स न्या. मुलीलाही सोबत घ्या, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.