बॅटरीची गाडी आणि आपले गॅरेज

मध्य प्रदेशाच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर यांच्या पंक्तीला उज्जैनही बसले आहे. नव्या दुचाकींपैकी 40 टक्के विजेवर चालणाऱ्या असाव्यात, असे या धोरणाचे लक्ष्य आहे. असे आकडे आले की वर्तमानपत्रांत चर्चा रंगते ती चार्जिंग स्टेशनांची. उज्जैनपुरता तो प्रश्न आम्हाला दुय्यम वाटतो. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर फिरणारा माणूस गाडी रात्री घरीच चार्जला लावतो. त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे: गाडी बंद पडली तर ढकलत न्यायची कोणाकडे? त्याचे उत्तर तुमच्याकडे, म्हणजे गॅरेजवाल्यांकडे, असायला हवे.

या गाडीला उज्जैनइतके सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. माळव्याचे पठार सपाट, घाट-चढाव जवळजवळ नाहीत, फ्रीगंजातून महाकालापर्यंतचे अंतर दोन-तीन किलोमीटर. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरासमोरचा छत्री चौक किंवा पटनी बाजार डोळ्यांसमोर आणा. पावलापावलाला ब्रेक, पुन्हा उचल. 2022 मध्ये महाकाल मंदिराभोवतीचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी बारमाही आहे. अशा रस्त्यात पेट्रोलचे इंजिन सर्वांत वाईट अ‍ॅव्हरेज देते, मोटर मात्र थांबलेल्या गाडीत काहीच खात नाही. हिशेबही सोपा आहे. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि स्कूटरचे अ‍ॅव्हरेज पंचेचाळीस धरले, तर किलोमीटरला सव्वादोन रुपये पडतात. विजेची स्कूटर शंभर किलोमीटरला भिंतीतून साडेतीन युनिट घेते असे धरले, तरी खर्च किलोमीटरला पंचवीस-तीस पैसे. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे बारा हजार वाचतात. यात बॅटरी बदलायचा खर्च धरलेला नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारले तर तो लपवू नका. काही कंपन्या आता आठ वर्षे किंवा 80,000 किलोमीटरपर्यंत वॉरंटी देतात. ती घेतली आहे का, हे त्याला आधी विचारा.

आता आपल्या गल्ल्याचे बोलू. ऑईल बदलणे, प्लग, कार्ब्युरेटर, क्लच, टॅपेट ही सगळी कामे या गाडीत नाहीत. म्हणून धंदा बुडाला, असे मात्र नाही. मोटर शून्यापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे मागचे टायर लवकर झिजते. रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग उतरताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्यामुळे, मागचा ब्रेक कमी वापरला जातो, तेव्हा ड्रममध्ये धूळ आणि गंज साचून शू अडकतात. ते साफ करायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही. हब मोटरच्या गाडीत मागच्या चाकाचेच वजन जास्त, खड्ड्यांचा मार रिम आणि बेअरिंगवर येतो. ज्या मॉडेलांत बारा व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, तिथे ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला उगाच पॅक गेल्याचे सांगून घाबरवू नका, आधी मल्टीमीटर लावा. कपलरमधला ओलावा हे दुसरे नेहमीचे दुखणे. पावसाळ्यात क्षिप्रा रामघाट बुडवते, तेव्हा घाटाजवळच्या वस्त्यांतून अशा गाड्या येणारच. प्रेशर जेटने धुणे तर बंदच करा. बॅटरी पॅक पाण्यापासून सुरक्षित असला, तरी जुना झालेला प्रत्येक कपलर तसा असेलच असे नाही.

बॅटरी पॅक स्वतः उघडू नका. 2022 च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी गाड्या पेटल्या, पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक त्यातलीच. त्यानंतर एआयएस-156 हे सुरक्षेचे मानक कडक झाले. व्होल्टेज 48 ते 72 असते म्हणून काही जण निष्काळजी राहतात, पण टर्मिनलवर पाना आडवा पडला तर प्रवाह इतका येतो की पाना चिकटून लाल होतो. अंगठी, कडे, घड्याळ काढूनच हात घाला. निकामी पॅक भंगारवाल्याला विकू नका. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

आणखी एक गोष्ट, जराशी कडू. 250 वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाडीला नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. म्हणूनच शाळकरी मुलांचे पालक ती घेतात आणि महिन्याभरात वेगाचे कुलूप काढून मागतात. शंभर-दोनशे रुपयांसाठी ते काढून देणाऱ्या गॅरेजवाल्याने अपघातानंतर विमा आणि पोलीस यांच्यासमोर काय सांगायचे, ते आधीच ठरवून ठेवावे. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. आमचे मत स्पष्ट आहे: असे काम घेऊ नये.

पण सगळी शिस्त मेकॅनिकनेच पाळायची आणि चाव्या कंपनीने खिशात ठेवायच्या, हेही चालणार नाही. कंट्रोलरचा एरर कोड वाचायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते स्वतंत्र गॅरेजला सहसा मिळत नाही. त्याचे फळ सर्वांनी पाहिले. 1 सप्टेंबर 2023 ते 30 ऑगस्ट 2024 या एका वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकविरुद्ध 10,644 तक्रारी आल्या, त्यांत सर्व्हिसला लागणारा उशीर हे एक मोठे कारण होते. यातल्या 99 टक्के सोडवल्याचे कंपनीने पुढे सांगितले, ते नोंदवायला हवे. तरीही प्रश्न उरतोच: एवढे काम फक्त कंपनीच्या दुकानांतून उरकता येते का? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वाहन क्षेत्र तिच्या कक्षेत घेतले, पोर्टलही काढले. बंधनकारक कायदा मात्र अजून झालेला नाही.

आपल्याला हे तंत्र परके नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी 2000 च्या आसपास विजेवरच्या रिक्षेचे काम केले, म्हणजे ई-रिक्षा दिल्लीच्या रस्त्यांवर गाजण्याच्या बऱ्याच आधी. पुढे त्या ई-रिक्षा गावोगाव दुरुस्त झाल्या त्या बहुतेक साध्या मेकॅनिकांच्याच हातून.

उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याला फार अवधी उरलेला नाही. तेव्हा शहरात बाहेरच्या गाड्यांवर निर्बंध येतील आणि गल्लीबोळांतली ये-जा छोट्या गाड्यांवर पडेल. उज्जैन, देवास, इंदूरच्या वाचकांना आमचे सांगणे आहे की आपापल्या संघटनेतर्फे दोन मागण्या लेखी द्या: आयटीआयमध्ये चालू गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचा वर्ग, आणि सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून स्वतंत्र गॅरेजला वाजवी किमतीत स्कॅनर व सुटे भाग. अर्जाची एक प्रत आम्हालाही पाठवा, पुढच्या अंकात छापू.