सलग ऐकण्याची सवय

कॅसेटच्या काळात आमच्या घरी नवी ध्वनिफीत आली की एक बाजू संपेपर्यंत कुणी उठत नसे. आज चौघांच्या कानांत चार वेगळी गाणी वाजतात आणि पुढचे गाणे यंत्र निवडते. ते आवडीचेच पुन्हा पुन्हा पानात वाढते. मग नव्याची गोडी लागणार कशी?

म्हणून अलीकडचे तीन अल्बम सुचवतो. 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' (२०२३) हा १९७७ नंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. त्यात शंकर महादेवन यांचा स्वर आणि झाकिर हुसेन यांचा तबला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद गेले. आता तो निरोपासारखा वाटतो. रॉक हवे असेल तर रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' (२०२३) ऐका. १८ वर्षांनी स्वरचित नवी गाणी घेऊन आलेला मिक जॅगर तेव्हा ऐंशीचा होता! बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' (२०२४) गोऱ्यांचे मानल्या गेलेल्या कंट्री संगीतावर कृष्णवर्णीयांचाही हक्क सांगतो. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

तिन्ही आवडतील असे नाही. पण एखाद्या रविवारी एक अल्बम घरातल्या सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत ऐकावा. मग नातवाशी वाद घालायलाही निमित्त मिळेल.