नेपल्सची सुट्टी आणि हस्तिदंताची बाहुली

मे महिना लागला की परभणीचा मोंढा दुपारच्या आत सुस्तावतो. पारा चाळिशी ओलांडतो, कापसाचा हंगाम सरलेला असतो, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि व्यापारी घरांतून सुट्टीचा विषय निघू लागतो. पूर्वी हा विषय आजोळ, कुंथलगिरी, गिरनार किंवा शिखरजी यापाशी थांबत असे. अलीकडे परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील काही जैन कुटुंबांच्या यादीत युरोपही आला आहे. इटलीत गेल्यावर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही नावे ठरलेली असतात. दक्षिणेकडील समुद्रकाठचे नेपल्स मात्र बहुधा सुटते. वास्तविक मराठवाड्यातल्या व्यापारी कुटुंबाने थांबावे, पाहावे आणि विचारात पडावे, असे काही या शहराच्या संग्रहालयात आहे.

रोमहून वेगवान रेल्वेने निघाले की तास-सव्वा तासात नेपल्स येते. अर्धवर्तुळाकार निळे आखात, काठावर दाटीने चढत गेलेली घरे आणि समोर व्हेसुव्हियसचा दुहेरी शिखरांचा ज्वालामुखी. हे शहर ग्रीक दर्यावर्दींनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास वसवले आणि त्याला ‘नेआपोलिस’, म्हणजे ‘नवी नगरी’, असे नाव दिले. अडीच हजार वर्षांनंतरही त्याचे नाव ‘नवी नगरी’च आहे. ग्रीकांनी आखलेल्या सरळ, अरुंद गल्ल्या आजही वापरात आहेत. दोरीवर वाळणारे कपडे, दारात बसून गप्पा मारणारी म्हातारी माणसे आणि हातवारे करून भाव सांगणारे दुकानदार पाहिले की मराठवाड्यातून आलेल्या माणसाला फारसे परके वाटत नाही.

जैन प्रवाशाला पहिली चिंता आहाराची. येथे निसर्गाचे एक साहाय्य आहे. मे-जूनमध्ये नेपल्सला सूर्य आठ ते साडेआठच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यास दिवसभर हिंडूनही सूर्यास्तापूर्वी जेवण उरकता येते. फक्त तेथील उपाहारगृहे संध्याकाळी उशिरा उघडतात, हे ध्यानात ठेवून आधी सांगून ठेवावे लागते. ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’, म्हणजे कांदा नको, लसूण नको, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ असले की निम्मे काम होते. खरा धोका कांदा-लसणाहून सूक्ष्म आहे. पार्मेझान या प्रसिद्ध चीजसाठी वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरण्याचा नियमच आहे आणि मोझरेलाही परंपरेने तशाच विरजणावर बनते. ताटातला पदार्थ शाकाहारी दिसतो, म्हणून तो अहिंसक असतोच असे नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते विचारून घ्यावे, हा धडा नेपल्समध्ये जेवणाच्या टेबलावरच मिळतो आणि पुढे संग्रहालयातही उपयोगी पडतो.

शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर पोंपेई आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला आणि हे भरभराटीचे गाव राखेखाली आणि हलक्या दगडांखाली गाडले गेले. त्यामुळे ते जसेच्या तसे राहिले. गाड्यांच्या चाकांनी दगडी रस्त्यांवर पाडलेल्या चाकोऱ्या, पीठ दळण्याची जाती, पावाच्या भट्ट्या, दुकानांचे दगडी ओटे हे सारे आजही पाहता येते. मोंढ्यात वाढलेल्या माणसाला या गावाची भाषा लगेच कळते. येथे युकुंडुस नावाचा एक लिलावदार आणि सावकार राहत होता. १८७५ साली त्याच्या घरात दीडशेहून अधिक मेणपाट्या सापडल्या. त्यांवर देण्याघेण्याच्या पावत्या साक्षीदारांच्या नावांसह लिहिलेल्या आहेत. मालक गेला, गाव गेले, पण हिशेब उरला.

आणखी एका घराच्या उंबरठ्याशी फरशीवर लॅटिन अक्षरांत लिहिले आहे, ‘ये लाभा, तुझे स्वागत असो’. दिवाळीच्या वहीपूजनात ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्या कुटुंबाला ही ओळ वाचून हसू येईल. पण दोन्हींत एक अंतर आहे. त्या उंबरठ्यावर केवळ लाभाला बोलावणे आहे. वहीच्या पहिल्या पानावर लाभाच्या आधी शुभ लिहिले जाते. हे अंतर किती मोठे आहे, हे नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील एक लहानशी वस्तू सांगते.

ती वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती. उंची जेमतेम वीतभर, सुमारे २५ सेंटिमीटर. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना ती पोंपेईतील एका घराच्या उत्खननात मिळाली. अलंकारांनी मढलेली एक स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन छोट्या दासी. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यापासून खाली कोरलेल्या पोकळीवरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असा तर्क केला जातो. कुटुंबासह जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: ही मूर्ती ज्या दालनात आहे, तेथे प्राचीन रोमन कामुक चित्रे आणि शिल्पेही आहेत. मुलांना बरोबर न्यायचे की नाही, हे मोठ्यांनी आधीच ठरवावे. संग्रहालय मंगळवारी बंद असते.

या मूर्तीचा मराठवाड्याशी संबंध काय? मूर्तीवर खरोष्ठी लिपीचे अक्षर असल्याने काही अभ्यासक भारताच्या वायव्य भागाकडे बोट दाखवतात. पण घडणीचे साम्य दख्खनकडे घेऊन येते. परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७०च्या दशकात झालेल्या उत्खननात याच धर्तीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तशीच एक मूर्ती सापडली असून तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयामुळे हे गाव अभ्यासकांना परिचित आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भरहुतच्या शिलालेखांत आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. आणि या दोहोंना सांधणारी राजधानी म्हणजे गोदाकाठचे प्रतिष्ठान, आजचे पैठण. याच प्रतिष्ठानात सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला आणली, असे श्वेतांबर परंपरा सांगते. पैठणची ही गोदावरीच पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारातून वाहते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, अशी नोंद तिच्यात आहे. बिकट वाटांनी गाड्यांतून माल भडोचला येतो. पैठणहून गोमेदासारखे दगड, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, असेही तिच्यात लिहिले आहे. तेथून जहाजे मोसमी वाऱ्यांवर लाल समुद्राकडे जात. पुढे वाळवंट ओलांडून नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया आणि शेवटी नेपल्सच्या पश्चिमेचे पोझ्झुओली बंदर. पोझ्झुओलीच्या जुन्या बाजारपेठेचे उंच खांब आजही उभे आहेत.

हा व्यापार इतका मोठा होता की रोमन लेखक थोरला प्लिनी याने तक्रार केली: भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हाच प्लिनी नेपल्सच्या आखातातील आरमाराचा प्रमुख होता आणि व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटात त्याचा अंत झाला. ज्या मालाविषयी त्याने तक्रार केली, त्यातली एक वस्तू त्याच राखेखाली जपली गेली.

तगरची मलमल मात्र कोठेही उरली नाही. कापूस कुजला, हवेत विरला. त्याची आठवण एका व्यापाऱ्याच्या वहीतल्या ओळीपुरती राहिली. काचेच्या पेटीत राहिला तो हस्तिदंत. मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या जैन कुटुंबाला प्रथम अभिमान वाटेल आणि तो वाटावाही. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या बैलगाडीचा माल इथवर पोचत होता, ही साधी गोष्ट नव्हे. पण आजीने जर नातवाला विचारले, ‘हा दात कुणाचा?’, तर अभिमानापाशी थांबता येत नाही.

हा प्रश्न जैन परंपरेने फार पूर्वी विचारला आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा तो धनी. त्यातले चार कोटी ठेवीत, चार व्यापारात, चार घरसंसारात. भगवान महावीरांकडून त्याने व्रते घेतली आणि आपल्या धनाला, गाड्यांना, नौकांनाही मर्यादा घातली. व्यापार सोडला नाही. व्यापाराला कुंपण घातले. याच प्रसंगी श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत आणि त्यांत दंतवाणिज्य स्पष्ट नावानिशी आहे. प्रतिक्रमणात हा शब्द दर वेळी उच्चारला जातो. दिगंबर श्रावकाचारातही हिंसेची साधने पुरवणे हा अनर्थदंड मानला आहे.

प्राचीन टीकाकारांनी दंतवाणिज्याचे जे स्पष्टीकरण केले आहे, ते कोणत्याही आडत दुकानात बसलेल्या माणसाला चटकन कळेल. व्यापारी वनवासी लोकांना आधीच पैसे देऊन ठेवतो. मग तो आता येईल, त्याला माल द्यावा लागेल, या घाईने ते हत्ती मारतात. व्यापाऱ्याने भाला हाती धरलेला नसतो. त्याने फक्त उचल दिलेली असते. पण हत्ती पडतो तो त्या उचलीमुळे. मागणी हीच हिंसेचे कारण होते, हा विचार येथे किती नेमकेपणाने मांडला आहे! आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय जगाने १९८९ साली घेतला. श्रावकाला तो नियम कितीतरी शतके आधी घालून दिलेला होता.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. नेपल्सहून पोंपेईला जाताना व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको हे गाव लागते. पोवळ्यांचे आणि शिंपल्यांवर कोरलेल्या दागिन्यांचे ते जगप्रसिद्ध केंद्र आहे. सहलीच्या गाड्या तेथे हमखास थांबतात. कारागिरी अप्रतिम असते, भाव करता येतो, आणि ‘इथवर आलोच आहोत तर’ हा मोह प्रबळ असतो. पण पोवळे म्हणजे समुद्रातील जीवांनी रचलेला सांगाडा आणि शिंपला म्हणजेही एका जीवाचे घर. ‘दंत’ या शब्दात नख, शिंग, कातडे, शंख हे सारे टीकाकारांनी धरले आहे. शहरातील नामांकित चामडी हातमोज्यांनाही तोच न्याय. हात पाकिटाकडे जाण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हे त्या प्रवासातले खरे सामायिक ठरेल.

सुट्टी संपते. बॅगा उघडतात, छायाचित्रे नातेवाइकांना दाखवली जातात, मृगाचा पाऊस येतो आणि मोंढा पुन्हा जागा होतो. तत्पूर्वी एक दिवस मुलांना जिंतूरच्या नेमगिरीवर न्यावे. जिल्ह्यातल्याच या डोंगरातील गुंफांत छोट्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला दुरून लोक येतात. तेथेच भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती आहे. विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी पडला आणि नेमिकुमारांनी मंडपाच्या दारातून रथ फिरवला, ही कथा प्रत्येक जैन मुलाला ठाऊक असते. नेपल्सला जाऊन आलेल्या मुलाला ती नव्याने उमगेल. एका गाडीतला माल हजारो कोस गेला. पण तो कशाचा आहे, हे त्या वाटेवर कोणी विचारले नाही. दुसरा रथ दारापर्यंत पोचूनही परतला, कारण त्यात बसलेल्याने ऐकले होते.