राखणीची दुर्बीण किती पटीची?



मका दुधात आला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरांची राखण सुरू होते. तिन्हीसांजेला बांधाशी काही हलते. वासरू समजून माणूस जवळ जातो आणि समोर पिल्लांची मादी उभी! म्हणून जनावर आधी लांबून ओळखावे. त्यासाठी दुर्बीण चांगली, पण मोठ्या आकड्याला भुलू नका.

मी भुललो होतो. वीस पटीची दुर्बीण घेऊन माळ्यावर बसलो. हात जरा हलला की सारे शिवार नाचायचे. डुक्कर सापडेपर्यंत ते पिकात शिरलेही!

दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. येथे ५ येतात. २०×४० ला फक्त २. उत्तर पाचाच्या आसपास असेल तर संधिप्रकाशातही उजळ दिसते. हातात धरायला सात-आठ पट पुरे. दहाच्या वर गेलात तर टेकू हवा. शिवाय पट वाढली की दिसणारा टापू लहान होतो.

विकत घेण्यापूर्वी सायंकाळी दुकानाबाहेर उभे राहून पाहा. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका.

मिट्ट काळोखात साधी दुर्बीण निरुपयोगी. अशा वेळी माळ्यावरूनच डबा वाजवा, खाली उतरू नका. पीक पुन्हा उभे करता येते, घरचा माणूस नाही.