द्राक्षमळा कुणाचा: राबणाऱ्याचा की किंमत मोजणाऱ्याचा?

फ्रेंच वाइन म्हटलं की आपल्याला सिनेमातलं चित्र आठवतं. दगडी तळघर, ओळीनं मांडलेली लाकडी पिंपं आणि पेला उजेडात धरून बघणारे पांढऱ्या मिशांचे आजोबा. चित्र खोटं नाही. पण आजोबांच्या माघारी तो मळा कुणाच्या हाती जाणार, हे त्यात दिसत नाही. वाइन प्यावी की पिऊ नये हा वाद आपण तूर्त बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते मळ्याच्या वारसाबद्दल.

पूर्व फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तिथली नावाजलेली लाल वाइन होते पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षापासून. तरीही शेजारशेजारच्या दोन मळ्यांची चव वेगळी लागते, असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. म्हणून तिथं प्रत्येक तुकड्याला नाव आहे, हद्द आहे. अशा तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. असे १२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

हे तुकडे मुळात लहान, आणि वाटण्यांनी आणखी लहान झालेले. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना, मुलींनाही, समान वाटा दिला. पिढी बदलली की ओळी वाटल्या गेल्या. ‘क्लो द वूजो’ हा भिंतीच्या आतला मळा सितोच्या मठातल्या साधूंनी उभा केला. राज्यक्रांतीत तो मठाकडून गेला, पण १८८९ पर्यंत अखंड होता. आज त्या सुमारे ५० हेक्टरांचे जवळपास ८० मालक आहेत. काहींच्या नावावर मोजक्याच ओळी! बांधावरच्या वाटण्या आपल्याला काही नव्या नाहीत, त्यामुळे हे चित्र समजायला जड जाऊ नये.

आता कामाकडे बघू. कडाक्याच्या थंडीत एकेका वेलीची हातानं छाटणी. वसंतात हिमकडाका पडला तर रात्रभर मळ्यात मेणाचे दिवे पेटवून जागायचं. मग हातानं तोडणी, घड निवडणं, सालींसकट आंबवणं. वर तरंगणारा सालींचा थर दांड्यानं, कधी चक्क पायांनी खाली दाबायचा. मग २२८ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवायचं, आणि जेवढी वाइन उडून जाईल तेवढी भर घालत राहायचं. हे सगळं पुस्तकात सापडतं. पण कुठली ओळ आधी पिकते, कुठल्या कोपऱ्यात दव साचतं, हे त्या मातीत वीस-तीस वर्षं घालवलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

परंपरा म्हणजे काही बदलायचंच नाही, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्समधले मळे मुळापासून खाल्ले, तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करून ते वाचवले गेले. (आपल्याकडचे द्राक्ष बागायतदारही ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर कलम करतात, कारण मात्र वेगळं: पाण्याची टंचाई आणि खारी जमीन.) आज संकट हवामानाचं आहे. बोन शहराच्या १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा अभ्यासकांनी जुळवल्या, तेव्हा दिसलं की १९८८ नंतर तोडणी सरासरी १३ दिवस आधी होतेय. अशा वेळी मळा ओळखणाऱ्या माणसाची गरज वाढते.

आणि नेमका तोच माणूस अडचणीत आहे. बर्गंडीतल्या सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे ‘ग्रां क्र्यू’ जमिनीचा सरासरी भाव हेक्टरी ६० लाख युरोंच्या वर गेलाय. समजा, तीन भावंडांचा असा एक हेक्टर आहे. एक मळ्यात राबतो, दोघं शहरात नोकरी करतात. कायदा राबणाऱ्याला मळा ठेवू देतो, पण उरलेल्या दोघांचे वाटे बाजारभावानं चुकवायचे म्हणजे ४० लाख युरो. हेक्टरी साधारण साडेचार हजार बाटल्या निघतात. खर्च जाऊन बाटलीमागे ५० युरो उरले असं धरलं, तरी वर्षाचे सव्वादोन लाख. म्हणजे घरात एक पैसाही न वापरता जवळजवळ अठरा वर्षं फक्त भावंडांचं देणं फेडायचं! धंदा चालू ठेवणाऱ्या वारसाला करात मोठी सवलत मिळते, हे खरं. पण भावंडांचा वाटा सवलतीनं कमी होत नाही. मग विकणं सोपं वाटतं, आणि घेणारे तयारच असतात. ‘क्लो दे लांब्रे’ २०१४ मध्ये लुई व्हिटॉनच्या समूहाकडे गेला, ‘क्लो द तार’ २०१७ मध्ये गुच्चीच्या मालकांकडे.

कुणी म्हणेल, श्रीमंत मालक मळा नीट राखतात, मग बिघडलं कुठं? राखतात, मान्य. पण अशा प्रत्येक सौद्यानं शेजारच्या जमिनीचा भाव चढतो आणि शेजारच्या घरातली वाटणी आणखी अवघड होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: समान वाटा हा न्याय आहे, बहिणीचा हक्क बुडवून परंपरा वाचवायची का? मुळीच नाही.

म्हणून मला वाटतं, वारस स्वतः कसणार असेल तर वाटणीच्या वेळी जमिनीचं मोल तिच्या उत्पन्नावरून ठरवावं. पुढे त्यानं ती बाहेर विकली, तर वाढीव पैशात भावंडांना बरोबरीचा वाटा मिळावा. यात कुणाचा हक्क जात नाही, आणि राबणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

दरवर्षी जानेवारीत बर्गंडीची गावं द्राक्ष बागायतदारांचा रक्षक संत व्हिन्सेंट याची मिरवणूक काढतात. त्याच्या नावानं चालणाऱ्या मंडळांची जुनी रीत अशी, की एखादा सभासद आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याचा मळा कसायचा. शेजाऱ्यांना जे कळलं होतं, ते कायद्यालाही कळायला हवं. नाहीतर युनेस्कोच्या यादीत १२४७ नावं तशीच राहतील, आणि छाटणीला येणारा माणूस पगारी असेल.