‘डॉक्टर सांगतील’ : क्ष-किरण तंत्रज्ञाच्या मौनाविषयी

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात दिवसभरात वारंवार उच्चारला जाणारा एक प्रश्न आहे : ‘काय दिसतंय हो?’ आणि त्याला ठरलेले एक उत्तर आहे : ‘डॉक्टर सांगतील.’ विचारणारा नुकताच टेबलावरून उतरलेला असतो, सदऱ्याची बटणे लावत असतो. उत्तर देणारा पडद्यावरील प्रतिमेकडे पाहत असतो. ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा दोनपैकी एक तर्क येतो. एक, याला काही कळत नाही. दोन, याला सांगायचे नाही. पहिल्या तर्कातून तुच्छता निपजते, दुसऱ्यातून राग. हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत असे मला म्हणायचे आहे. त्या माणसाला पुष्कळ कळते, आणि त्याचे न सांगणे हा त्याच्या कामाचाच एक भाग आहे. मात्र त्याचे मौन न्याय्य ठरायचे असेल, तर त्याच्यानंतर कोणीतरी वेळेवर बोलले पाहिजे. आपल्याकडे हे बोलणे अनेकदा होत नाही, आणि मग सांगण्याचा अधिकार नसलेल्या माणसालाच लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागते.

प्रथम नावाविषयी. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण आढळले, तेव्हा त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी गणितातील अज्ञात संख्येचे अक्षर त्यांना दिले. आपण बीजगणितात अज्ञाताला ‘क्ष’ म्हणतो, म्हणून आपले क्ष-किरण. किरणांचे गूढ यथावकाश उकलले. त्यांच्यासह काम करणारा माणूस मात्र ‘क्ष’च राहिला. डॉक्टरांचे नाव पाटीवर असते, परिचारिकेला निदान ‘सिस्टर’ म्हणून हाक मारता येते. याला हाक मारायला शब्दच नाही. ‘तो एक्स-रेवाला’, ‘तो फोटो काढणारा’. लोकांच्या बोलण्यातही ‘छातीचा फोटो काढायला सांगितलाय’ असेच येते. ‘फोटो’ या शब्दाने कामाचे स्वरूप झाकले जाते. समोर उभे राहावे, कळ दाबावी, झाले, एवढेच त्यात उरते.

प्रत्यक्षात कळ दाबणे ही या कामातील शेवटची व सर्वांत सोपी गोष्ट आहे. छातीचा साधा एक्स-रे घ्या. रुग्णाने छाती पाटीला टेकवून उभे राहायचे, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे वळवलेले. कारण खांदे वळवले नाहीत तर पाठीवरची चपटी हाडे फुप्फुसांवर सावली टाकतात. किरणनलिका सुमारे १८० सेंटिमीटर दूर हवी. जवळ आली तर हृदय आहे त्याहून मोठे दिसते. श्वास पूर्ण आत घेऊन रोखलेला हवा. अर्धवट श्वासात निरोगी फुप्फुसही आजारी भासते. स्त्रियांची वेणी वर बांधून घ्यायची, कारण खांद्यावर रुळणाऱ्या वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकाशी पडते आणि क्षयाचा डाग पुष्कळदा तेथेच असतो. नीट न बांधलेल्या वेणीमुळे एखाद्या मुलीवर क्षयाचा संशय येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. अपघातात मान दुखावलेला माणूस आला तर त्याला वळवायचे नसते, यंत्र वळवायचे असते. आणि उजवी-डावी बाजू दाखविणारे शिशाचे अक्षर चुकले, तर ती चूक थेट शस्त्रक्रियागृहापर्यंत जाऊ शकते. हे सारे ज्ञान आहे, केवळ हस्तकौशल्य नव्हे. कारण प्रत्येक कृतीमागे ‘असे का’ याचे उत्तर आहे.

याहून अवघड भाग बोलण्याचा आहे. अवघ्या काही मिनिटांच्या ओळखीवर या माणसाला जे बोलावे लागते, ते आपल्या समाजात नातलगही सहज बोलत नाहीत. ‘मागची पाळी केव्हा आली?’ हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो, कारण पोटात गर्भ असेल तर किरण टाळायचे असतात. आणि तो पुष्कळदा सासूच्या देखत विचारावा लागतो. ‘गळ्यातलं काढून ठेवा’ हेही तसेच. बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत, नवरा वरच्या मजल्यावर अत्यवस्थ असलेल्या बाईला मंगळसूत्र उतरवायला सांगणे ही कठीण गोष्ट आहे. जाणती तंत्रज्ञ बाई ‘काढा’ म्हणत नाही. ‘तेवढं सोबतच्या ताईंजवळ द्या, लगेच घाला’ असे म्हणते. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, तेव्हा अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे आधी सांगितले नाही तर म्हातारी माणसे लाजेने कासावीस होतात. एमआरआयच्या दाराशी धातूविषयी विचारले जाणारे प्रश्न तर प्राणाशीच गाठ असलेले. दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते, आणि तपासणी चालू नसतानाही ते असतेच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. एरवी ‘किती ते प्रश्न!’ म्हणून आपण ज्यांच्यावर वैतागतो, ते प्रश्न असे महत्त्वाचे असतात.

इतके बोलणारा माणूस नेमक्या त्या एका प्रश्नाला गप्प का होतो? कारण प्रतिमेत सावली दिसते, आजाराचे नाव दिसत नाही. फुप्फुसातील पांढरा डाग क्षयाचा असेल, न्यूमोनियाचा असेल, गाठीचा असेल. कधी तो स्तनाग्राची सावली एवढाच असतो. किती दिवस ताप आहे, वजन उतरले का, थुंकी तपासली का, जुना एक्स-रे काय म्हणतो, हे सारे एकत्र ठेवल्यावर त्या डागाला नाव मिळते. ते नाव घाईने उच्चारले गेले तर परत घेता येत नाही. साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांना हे पटायला हरकत नसावी. संदर्भावाचून एका ओळीचा अर्थ सांगू नये असे आपण वर्गात सांगत असतोच.

हे मौन आपल्या भाषेतील सोज्ज्वळ आडपडद्याहून वेगळे आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्यात, दिवा विझला न म्हणता ‘वाढवला’ म्हणण्यात अप्रिय गोष्ट झाकून ठेवायची असते. ‘डॉक्टर सांगतील’ या वाक्यात ती झाकायची नसते; योग्य माणसाच्या हाती सोपवायची असते. म्हणून तेथे ‘काही नाही हो, घाबरू नका’ हे मायेचे खोटेही चालत नाही. खोटा धीर देणे सोपे, भीती घालणे त्याहून सोपे. दोन्ही टाळून स्वर सपाट ठेवणे कष्टाचे असते, कारण रुग्ण अहवाल वाचू शकत नसला तरी चेहरा वाचतो. रुग्ण हलला म्हणून ‘अजून एक घेऊ या’ म्हटले, तरी पलीकडचा माणूस त्यात आपले भवितव्य शोधू लागतो. समोरच्या पडद्यावर एखाद्या तरुणाच्या फुप्फुसात मोठी गाठ दिसत असते, आणि त्याच वेळी त्याला ‘शर्ट घाला, बाहेर बसा’ हे आधीच्या माणसाला म्हटले त्याच आवाजात म्हणायचे असते. असे दिवसातून कितीदा, याची नोंद कोठेही होत नाही.

नोंद होते ती शरीरावर पडणाऱ्या किरणांची. आणि ती होण्यासाठीही आधी माणसे मरावी लागली. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या प्रयोगांत भाजून, हात गमावून १९०४ मध्ये मरण पावला. क्ष-किरण आणि रेडियम यांच्यासह काम करताना बळी पडलेल्यांची नावे कोरलेले एक स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात उभारले गेले. त्या स्मारकाने डॉक्टर व शास्त्रज्ञ यांच्या पंक्तीत तंत्रज्ञ आणि परिचारिकांनाही घेतले आहे. मृत्यूने दिलेली ही समान पंगत पुढे जिवंतपणी फारशी कोणी वाढली नाही. आज आपल्याकडे तंत्रज्ञाच्या छातीवर टीएलडीचा बिल्ला असतो. तो सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी जातो, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली मर्यादा, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, ओलांडली गेली का हे पाहिले जाते. नियम पाळले तर प्रत्यक्षातील मात्रा त्याहून पुष्कळच कमी राहते, म्हणून उगाच बाऊ करण्याचे कारण नाही. पण बिल्ला रक्षण करीत नाही, फक्त नोंद करतो. रक्षण करतात ते अंतर, शिशाचा एप्रन, भिंतीची जाडी आणि शिस्त. त्यांतील शिस्त सोडली तर बाकीचे व्यवस्थापनाने पुरवायचे असते.

आता मौन चुकते कोठे, त्याकडे येऊ. ‘डॉक्टर सांगतील’ या वाक्यात एक वचन दडलेले आहे : डॉक्टर आहेत, ते पाहतील आणि सांगतील. तालुक्याच्या ठिकाणी क्ष-किरणतज्ज्ञ पुष्कळदा नसतोच. प्रतिमा दूर कोठेतरी पाठवली जाते, अहवाल नंतर येतो. मधल्या काळात खेड्यातून आलेला माणूस एसटीची वेळ पाहून निघून जातो. अशा वेळी एकट्या तंत्रज्ञाच्या डोळ्यांसमोर फुप्फुसाबाहेर हवा साठून ते मिटलेले दिसत असेल, तर त्याने काय करावे? चांगला तंत्रज्ञ धावत जाऊन अपघात विभागातील डॉक्टरांना हाक मारतो. पण ही धावपळ त्याच्या चांगुलपणावर सोडलेली आहे. ते त्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले असेलच असे नाही. उद्या चुकीचे निघाले तर ‘तुला कोणी विचारलं होतं?’ हे त्यालाच ऐकावे लागते.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात काही रुग्णालयांनी एक साधी युक्ती अवलंबिली. फिल्ममध्ये काही विपरीत वाटले तर तंत्रज्ञाने तिच्यावर एक लाल ठिपका चिकटवायचा. निदान नाही, नाव नाही, फक्त ‘येथे पाहा’. पुढे तेथे पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञांना ठरावीक प्रकारच्या प्रतिमांचे अहवाल लिहिण्याचीही मुभा मिळाली. आपल्याकडे अहवालाचा अधिकार तंत्रज्ञाला द्यावा असे मी म्हणत नाही. त्यासाठी लागणारे शिक्षण आधी हवे. तो लाल ठिपका मात्र आजच देता येईल. त्यात मौनाचा भंग नाही, कारण रुग्णाला काहीच सांगितले जात नाही. ज्याने बोलायचे त्याला फक्त जागे केले जाते.

यावर आक्षेप येईल की अशाने तंत्रज्ञ डॉक्टरकी करू लागतील. या आक्षेपामागे ‘निमवैद्यकीय’ या शब्दाची सावली आहे. निमशहरी म्हणजे धड शहर नव्हे, निमसरकारी म्हणजे धड सरकारी नव्हे. तसे निमवैद्यकीय म्हणजे डॉक्टर व्हायचे राहून गेलेले, असा अर्थ या शब्दातून नकळत झिरपतो. वस्तुतः हे अर्धे वैद्यक नाही. हे वेगळे आणि पूर्ण काम आहे. २०२१च्या केंद्रीय कायद्याने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि त्यात वैद्यकीय प्रतिमाविद्येतील तंत्रज्ञांचा स्वतंत्र गट मानला. कायद्याने ‘निम’ सोडले. आपल्या बोलण्यातून ते जायचे आहे.

साहित्यानेही या खोलीकडे क्वचितच पाहिले. थॉमस मान यांच्या ‘द मॅजिक माउंटन’ (१९२४) या कादंबरीत नायक स्वतःच्या हाताची हाडे पाहतो तो प्रसंग प्रसिद्ध आहे. पण तेथे बोलतात ते प्रमुख डॉक्टर. मराठीत डॉक्टरांची आत्मकथने आवडीने वाचली जातात. तंत्रज्ञाचे पान शोधावे लागते. ज्याला न बोलण्याचे बंधन आहे त्याच्याविषयी इतरांनीही बोलू नये, असे बंधन मात्र कोणी घातलेले नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. लाल ठिपक्यासारखी सूचना देण्याचा लेखी अधिकार तंत्रज्ञाला असावा. अहवालाखाली क्ष-किरणतज्ज्ञाच्या नावाबरोबर प्रतिमा घेणाऱ्याचेही नाव असावे. नाव आले की जबाबदारीही येते आणि श्रेयही. आणि ते ठरलेले उत्तर पूर्ण केले जावे. कोणते डॉक्टर, कोणत्या खोलीत, किती वाजता, हे तंत्रज्ञाला सांगता येईल अशी व्यवस्था रुग्णालयाने करावी. ‘डॉक्टर सांगतील’ या दोन शब्दांपाशी थांबलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटते. ‘सात नंबरच्या खोलीत, चार वाजता, मॅडम सांगतील’ हे ऐकलेला माणूस बाकावर जाऊन बसतो आणि वाट पाहतो. रुग्णाला तेवढे सांगितले, तर उरलेल्या मौनाबद्दल तो तंत्रज्ञाला दोष देणार नाही.